मिळालेल्या फुलाचं देणं

आमच्या घरी फूल दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची रीत नव्हती. वडील संगमेश्वर तालुक्यातल्या एका शंकराच्या देवळाचे गुरव. पहाटे परडी भरून तगर, पांढरी कण्हेर, धोतरा यायचा आणि दुसऱ्या पहाटे तेच सगळं निर्माल्य म्हणून पिंडीवरून उतरायचं. कण्हेर टवटवीत असली तरी उतरायचीच. बेलाला तेवढी सवलत, तो धुऊन पुन्हा वाहता येतो. विष्णूकडे तुळशीचंही तसंच, ती शिळी होत नाही असं मानतात. उतरलेलं निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून वडील ते आवाराच्या कोपऱ्यातल्या आंब्याच्या बुंध्याशी नेऊन ठेवत. त्याकडे त्यांनी वळून पाहिलेलं मला आठवत नाही.

मी पुण्यात शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतरही गुरुपौर्णिमेला जुने विद्यार्थी फुलं घेऊन येतात. त्यातला एक जण तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसमध्ये काम करतो. तो आणतो ते गुलाब, जरबेरा आणि निशिगंध त्याच्या हाताखालून गेलेले असतात. ती फुलं घरात जितकी टिकतील तितकी टिकवायची, हा माझा नेम आहे. देवळाची पूजा आता धाकट्या भावाकडे आहे. तो एकदा आला असताना मी परातीत पाणी घेऊन देठ कापत बसले होते. बराच वेळ बघून तो म्हणाला, "ताई, ती सुकायचीच आहेत. देवाचं फूलसुद्धा आपण एका दिवसात उचलतो आणि माणसानं दिलेल्या फुलाची एवढी सेवा? हा मोह नाही का?"

त्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या जे शिकवलं गेलं, त्यातूनच तो आला होता.

आधी मी काय करते ते सांगते. फुलाला लपेटलेला चकचकीत कागद आणि रिबन लगेच काढते. त्यात हवा खेळत नाही आणि पाकळ्या घामेजतात. पाण्याखाली जाणारी पानं खुडते, कारण तीच आधी कुजतात आणि पाणी नासवतात. देठ धारदार सुरीने, पाण्यात बुडवून, तिरका कापते. कापलेल्या देठाच्या नळ्यांमध्ये हवा शिरली की पाणी वर चढायचं अडतं. गुलाब भरल्या फुलदाणीत उभा असून मान टाकतो, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण जिवाणू. ते त्याच नळ्यांची तोंडं बुजवतात. म्हणून पाणी रोज बदलायचं आणि फुलदाणी आतून घासायची. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर आणि थोडा लिंबाचा रस घालते. नुसती साखर घालू नये, जिवाणूही तीच खातात. मान टाकलेल्या गुलाबाचा देठ पुन्हा कापून अख्खी काडी तासभर पाण्यात आडवी ठेवली, तर तो पुष्कळदा सावरतो. जरबेऱ्याचा देठ मऊ आणि लवदार असतो, खोल पाण्यात कुजतो, म्हणून त्याला चार बोटं पाणी पुरे. निशिगंधाची छडी खालून वर उमलत जाते. सुकलेली खालची फुलं काढत राहिलं तर वरच्या कळ्यांना बळ मिळतं. आणि फुलदाणी केळ्या-आंब्यांजवळ ठेवायची नाही. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो. कार्नेशनला तो लागला की पाकळ्या आत मुडपतात आणि फूल वेळेआधीच मिटतं.

हे सगळं करताना फूल तोडलेलं आहे, ते झाडाकडे परत जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक असतं. मग करायचं कशासाठी?

उत्तर मला मिळालं ते मिताक्षरेत. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिली. दान केव्हा पुरं होतं, असा प्रश्न तिथे येतो. देणाऱ्याने आपला हक्क सोडला की झालं का? विज्ञानेश्वर म्हणतो, नाही. घेणाऱ्याचा हक्क त्याने स्वीकारल्यावरच उभा राहतो, आणि हा स्वीकार तीन प्रकारचा: मनाने, वाणीने आणि शरीराने. बंगालच्या जीमूतवाहनाला हे मान्य नव्हतं. देणाऱ्याच्या कृतीतूनच घेणाऱ्याचा हक्क निर्माण होतो, असं तो दायभाग या ग्रंथात मांडतो. हा वाद जमीन, गाय आणि सोनं यांच्या मालकीचा. पण गुच्छ हातात घेऊन उभी असताना मी पूर्णपणे विज्ञानेश्वराच्या बाजूची असते. "अरे वा, किती छान" म्हणून गुच्छ टीपॉयवर ठेवला आणि संध्याकाळी तो तसाच मलूल झाला, तर वाणीने घेतलं, शरीराने घेतलंच नाही. त्या मुलाने पहाटे उठून काहीतरी दिलं आणि ते दोघांच्या मधेच पडून राहिलं. देठ कापणं आणि पाणी बदलणं हा माझ्या लेखी कायिक स्वीकार आहे. जमिनीचा स्वीकार एकदाच करून भागतं. फुलाचा रोज सकाळी करावा लागतो, कारण ते रोज थोडं कमी होत असतं.

देवाचं वेगळं आहे. त्याच्या बाजूचा स्वीकार आपण करायचा नसतो, तो त्याने केव्हाच केलेला असतो, अशी श्रद्धा ठेवूनच आपण फूल वाहतो. त्यामुळे निर्माल्य निःशंक मनाने उचलता येतं. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी भक्तीने दिलेलं मी घेतो, असं कृष्ण सांगतो. त्यावर ज्ञानेश्वरांनी जे लिहिलं आहे ते वाचताना मला दर वेळी भरून येतं. देव म्हणतो, भक्ताने दिलेलं फूल खरं तर मी हुंगायला हवं, पण मी ते तोंडातच घालतो. वाहायच्या फुलाचा वास घ्यायचा नाही, हे मला लहानपणी बजावलेलं. आणि इथे प्रत्यक्ष देवाला घेण्याच्या ओढीत फुलाचं काय करतात याचंही भान उरत नाही. अर्जुनाला हे सांगणाऱ्या देवाला मोहात पडलेला म्हणायची आपली छाती होईल का?

भावाचा खरा मुद्दा आसक्तीचा होता. त्यावर मी त्याला बुद्धाचा शिष्य आनंद याची गोष्ट सांगितली. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दिली. राजाला ते खटकलं. एवढ्या वस्त्रांचं हा भिक्खू काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. पुढे जमिनीवर पसरायची अंथरुणं, मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी, आणि तीही फाटली की कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपायची. विनयपिटकातली ही कथा आहे. ज्यांनी घरदार सोडलं, त्यांनीच मिळालेल्या वस्तूचा शेवटपर्यंत हिशेब ठेवला. मोह असता तर आनंदाने ती चीवरं पेटीत घडी घालून ठेवली असती.

तिथे मीही रेघ ओढते. गुच्छ पारदर्शक रसायनात गोठवून कायमचा करून देणारे लोक आता आहेत. मला ते नको वाटतं. ते फूल मग कुणाकडून आलेलं राहत नाही, शोभेचा दगड होतं. पाकळी गळायला लागली की मी ती गॅलरीतल्या कुंडीत मातीखाली घालते, देठ बारीक कापून त्याच मातीत. गुच्छाच्या बुडाशी असलेला हिरवा स्पंज मात्र मातीत मिसळत नाही, तो कचऱ्यातच टाकावा लागतो. त्याचं मला वाईट वाटतं.

भावाचं पुरतं समाधान झालं नाही. "मग ज्याच्याकडून घ्यायची इच्छाच नाही, त्याच्या फुलाचं?" त्याने विचारलं. दाराशीच परत करावं, असं मी म्हणाले. घेऊन सुकू देण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे. देवळात तसं करता येत नाही, येईल त्याचं फूल वाहावंच लागतं, असं तो म्हणाला, आणि ते खरंच आहे.

वाणीचा स्वीकार उरतो, तो मी फोनवर करते. शेवटचं फूल गेलं की त्या विद्यार्थ्याला कळवते. यंदा सांगितलं की निशिगंधाची अगदी टोकाची कळीसुद्धा उमलली, पण जरबेरे मधेच वाकले. त्याने लगेच विचारलं, "बाई, फुलाच्या खाली वाकले की देठाच्या मधोमध? आणि पिवळे आधी गेले का गुलाबी?" मी फुलांच्या नोंदींची वही उघडून त्याला रंग सांगितले.