जुनी गाडी, नवे ब्रेक आणि समोरचा माणूस

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस निवृत्त झाली, तेव्हा अनेकांनी हळवे लेख लिहिले. ते साहजिकच होते. १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये फिएट ११०० डिलाइट म्हणून जी गाडी तयार होऊ लागली आणि १९७४ पासून जी चितोडच्या राणीच्या नावाने ओळखली गेली, ती आमच्या पिढीच्या लग्नांत, बाप्तिस्म्यांत आणि रात्री-अपरात्रीच्या इस्पितळाच्या धावपळीत सामील होती. टॅक्सी संपल्या, तरी काही खाजगी मालकांच्या अंगणांत पद्मिनी अद्याप उभ्या आहेत. त्या चालत्या ठेवण्याच्या खटाटोपात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. वाचकांपुढे तो मांडावा असे आम्हांस वाटते.

इंजिनापासून प्रारंभ करू. १०८९ सीसीचे हे चार सिलिंडरांचे इंजिन तसे सोशिक. परंतु सिलिंडर झिजतात. मग लेथवर नेऊन ते बोअर करावे लागतात आणि त्यांत ओव्हरसाइज पिस्टन व नव्या रिंगा बसवाव्या लागतात. कारखान्याने या गाडीचे उत्पादन शतक सरता सरता थांबवल्याने सुटा भाग मिळवणे ही आता एक यात्राच झाली आहे. ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्यांचे अवयव शोधावे लागतात, हा योगायोग आम्हांस नेहमी चटका लावून जातो. तेथे एका मेलेल्या गाडीचा क्रँक दुसरीला जीवदान देतो.

येथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला थीसियसचे जहाज आठवल्यावाचून राहत नाही. अथेन्सवासी त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवीत, आणि अखेर ते तेच जहाज राहिले काय, यावर तत्त्वज्ञांचा वाद चाले, असे प्लुटार्क सांगतो. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचे जहाज उभारले, तर खरे जहाज कोणते? आपल्या भूमीतही नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथाविषयी हेच विचारले होते. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? यांपैकी काहीच नव्हे. या सर्वांच्या मेळाला आपण रथ हे नाव देतो. नागसेनाच्या निष्कर्षाशी आम्ही पूर्णतः सहमत नाही, तथापि मोटारीपुरते त्याचे म्हणणे मान्य करण्यास आमची हरकत नाही. गाडीचे ‘तेच’पण लोखंडात नसते.

अशा गाडीपायी एका घरातले दोन बंधू आमच्याकडे आले होते. वडील वारले, गाडी मागे राहिली. धाकट्याला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे होते. थोरला म्हणे, “फादर, बाबांची गाडी होती तशीच राहिली पाहिजे.” आम्ही इतकेच विचारले की इंजिनात आता बाबांच्या वेळचे काय उरले आहे? पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, सारे याच थोरल्याने दोन वर्षे बाजार पालथा घालून बदललेले. तो म्हणाला, “ते आतले आहे, आणि जसेच्या तसे आहे.” या उत्तराला आम्ही क्षुल्लक मानत नाही. मूळ नमुन्याचा भाग मूळ जागी बसवणे आणि निराळ्याच रचनेचा भाग आणणे, यांत भेद आहेच.

पण मग ब्रेकचे काम कसे चालते ते पाहावे. ड्रम ब्रेकमध्ये आतील दोन शू बाहेरच्या बाजूस पसरून फिरत्या ड्रमला घासतात. घाटात सतत ब्रेक दाबावा लागला की ड्रम तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर सरकतो, लायनरची पकडही मंदावते आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्क उघड्या हवेत असते, पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, उष्णता लवकर निघून जाते. मात्र डिस्कला दाब अधिक लागतो, म्हणून बूस्टर हवा. मास्टर सिलिंडरही त्या जोडीला साजेसा हवा. नुसती डिस्क आणून बसवणारा कारागीर एक धोका काढून दुसरा घालतो. शिवाय जुन्या काळच्या अनेक गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचे एकच सर्किट असे; एक नळी फुटली की सारे संपले. दुहेरी सर्किटात निदान दोन चाके तरी हाती राहतात.

थोरल्याचा मुद्दा असा होता की याच ड्रमवर बाबांनी आयुष्यभर निर्धोकपणे गाडी हाकली. खरे आहे. ते ड्रम काही दुर्बळ झालेले नाहीत. भोवतालचा रस्ता बदलला आहे. २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. अशी गाडी पुढे एकाएकी थांबते आणि मागची पद्मिनी थांबू शकत नाही. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हा हिशेब स्मृतींचा मान राखत नाही. इंजिन बंद पडले तर मालकाचा दिवस बुडतो. ब्रेक निकामी झाला तर भलत्याच्याच घरात आक्रोश होतो. स्वतःच्या भक्तीसाठी स्वतः धोका पत्करण्याचा अधिकार मनुष्याला असेल, रस्ता ओलांडणाऱ्या पोराच्या वतीने तो पत्करण्याचा नाही. ज्याला ड्रमच ठेवायचे आहेत, त्याने ते उत्तम राखावेत, रविवारी सकाळी सावकाश हिंडावे आणि घाट टाळावा. त्यालाही आम्ही दोष देणार नाही. गंमत अशी की इटलीत १९६६ साली आलेल्या फिएट ११०० आर या मॉडेलला पुढे डिस्कच होत्या. म्हणजे धाकटा मागत होता ते याच कुळातले होते!

खोटेपणा बदलण्यात नसून लपवण्यात आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली ट्युरिनची सनदही सांगते की आवश्यक बदल शक्यतो पुन्हा उलटवता येण्याजोगे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपावेत. आपल्या सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यांत चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. ब्रेकचे नाव तेथे नाही. तरीही असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि तो कागदावर यावा. भंगारातल्या इंजिनावरचा क्रमांक घासून आपला ठोकणारे लोक मात्र जुन्या गाडीवर प्रेम करतात, हे म्हणणे आम्हांस पटत नाही. चोरीच्या मालाला नवे नाव देण्याची तीच रीत आहे.

आता त्या काढलेल्या ड्रमांचे काय? सनद म्हणते, जपून ठेवा. इकडे दुसरा कोणी गरीब मालक तसल्याच ड्रमांसाठी कुर्ल्यात वणवण फिरत असतो, आणि कोणाच्या माळ्यावर तेलकट फडक्यात गुंडाळलेले तीन-तीन जोड धूळ खात पडलेले असतात. एक जोड आपल्या गाडीसाठी ठेवावा, हे आम्ही समजू शकतो. उरलेले दोन कोणाचे, हे त्या माळ्याच्या मालकाने ठरवायचे आहे.