हात उगारणाऱ्याशी बोलायचं कसं?

बायकोला मारणाऱ्या पुरुषावर उपचार करायचे असं कुणी म्हटलं की आधी चीड येते, आणि ती रास्त आहे. मार तिनं खायचा, रात्री मुलांना घेऊन घर तिनं सोडायचं, आणि दर आठवड्याला तासभर शांतपणे ऐकून घ्यायचं ते त्याचं! स्त्री-चळवळीतून या कामाबद्दल दोन शंका पहिल्यापासून घेतल्या गेल्या. निवारागृहांना आधीच अपुरा पडणारा पैसा इकडे वळेल, आणि मानसशास्त्र त्याच्या हाती नवी सबब देईल. या शंका आजही जाग्या ठेवायला हव्यात. तरीही हे काम करायलाच हवं. ती घराबाहेर पडली तरी तो मुलांचा बाप राहतोच, आणि पुष्कळदा उद्या दुसऱ्या कुणाचा तरी नवरा होतो.

ओस्लो शहरात १९८७ साली ‘अल्टरनेटिव्ह टु व्हायोलन्स’ हे केंद्र सुरू झालं. मारियुस रोकिल, पेर इसडाल या तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून उपचाराचा एक क्रम तयार झाला. आधी हिंसा, मग जबाबदारी, त्यानंतर त्याचा स्वतःचा भूतकाळ, आणि शेवटी बायकोमुलांवर झालेले परिणाम. मला सगळं मर्म या क्रमातच दिसतं.

माणूस येतो आणि सांगतो, ‘थोडी बाचाबाची झाली, माझा तोल गेला.’ त्याच्या लेखी प्रकरण तिथं संपलेलं असतं. थेरपिस्टचं काम तिथून सुरू होतं. तुम्ही कुठं उभे होता? दार कुणी लावलं? पंजा होता की मूठ? ती खाली पडल्यावर काय केलंत? मुलगी कुठल्या खोलीत होती, तिला काय काय ऐकू गेलं असेल? एका प्रसंगावर अख्खं सत्र जाऊ शकतं. तपशील बाहेर येतो तसा ‘तोल गेला’ हा दावा ढासळतो. दार त्यानंच लावलेलं असतं. वळ दिसणार नाहीत अशा जागी मारलेलं असतं. त्याच दिवशी साहेबानं पाणउतारा केला तेव्हा तोल शाबूत होता. म्हणजे राग आवरता येत होता, आणि तो कुणावर काढायचा हेही कळत होतं. नुसते राग आवरायला शिकवणारे वर्ग या माणसांना पुरत नाहीत, ते यामुळेच. दारूचंही तसंच. ती मार वाढवते, म्हणून सोडवायलाच हवी. पण गुत्त्यावर कुणाच्या अंगाला हात न लावता घरी येणारा माणूस घरी आल्यावर मारतो, याचा जाब दारूला विचारता येत नाही.

भूतकाळ तिसरा येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. यांतल्या अनेकांनी लहानपणी बापाचा मार खाल्लेला असतो, आईला मार खाताना पाहिलेलं असतं. ती जखम खरी आहे. पण पहिल्याच सत्रात ती उघडली तर तिच्याआड लपता येतं. ‘हे मी केलं’ असं एकदा तोंडून निघालं की तीच आठवण वेगळं काम करू लागते. पांघरुणाखाली श्वास रोखून ऐकणाऱ्या मुलाचं काय होत होतं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आता त्या पांघरुणाखाली आपली मुलगी आहे, हे दिसणं म्हणजे चौथी पायरी.

या वेळी बायको त्या खोलीत नसावी. तिच्याशी वेगळ्या कार्यकर्त्यानं, वेगळ्या ठिकाणी बोलायचं, आणि तो बदलला की नाही हे तिला विचारायचं. युरोपातल्या २०११च्या इस्तंबूल करारातही अशा कार्यक्रमांत पीडितेची सुरक्षितता पहिली धरली आहे. आपल्याकडे मात्र समुपदेशन म्हटलं की पुष्कळदा दोघांना समोरासमोर बसवलं जातं. ‘तूही जरा समजून घे, पोरांकडे बघ’ असं तिला सांगितलं जातं आणि समेटाच्या कागदावर सह्या होतात. जिला त्याच्याच बरोबर घरी जायचंय ती त्याच्यादेखत खरं काय बोलणार? वास्तविक आपला कायदा याहून शहाणा आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी दोघांपैकी एकट्यालाही समुपदेशनाला पाठवू शकतात. २००६च्या नियमांत तर स्पष्ट म्हटलं आहे की समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचं कसलंही समर्थन मांडता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. ओस्लोची दुसरी पायरी आपल्या नियमात लिहिलेलीच आहे. ती चढायची राहिली आहे.

फळ किती मिळतं? थोडं. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८१मध्ये सुरू झालेली पुरुषगटांची पद्धत जगभर गेली. ज्युलिया बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अशा कार्यक्रमांचे २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अटक आणि शिक्षेच्या वर कार्यक्रमामुळे पडलेला फरक ५ टक्क्यांच्या आसपास निघाला. सत्तेची इच्छा हेच हिंसेचं मूळ, ही आपली मांडणी समोरच्या अनेक स्त्री-पुरुषांच्या अनुभवाशी जुळत नव्हती, असं डुलुथच्या एलन पेन्स यांनी पुढे स्वतःच लिहिलं. हे वाचून माझा या कामावरचा विश्वास वाढला. शंभरातली पाच घरं मला थोडी वाटत नाहीत. मात्र मार थांबला तरी पैशांवरचा ताबा, फोन तपासणं, माहेरी जाऊ न देणं सुरूच राहू शकतं. ते मोजल्याशिवाय कुणाला ‘सुधारला’ म्हणू नये.

महाराष्ट्रात या विचाराला परंपरा आहे. पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी १९९१ साली बायकोला मारणं ज्यांना मान्य नाही अशा पुरुषांना वृत्तपत्रातून साद घातली. त्यातून १९९३ साली मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संस्था उभी राहिली, आणि हरीश सदानी व त्यांचे सहकारी तरुण मुलांशी बोलत राहिले. पण ज्यानं मारलंय त्याला महिनोन्‌महिने समोर बसवणाऱ्या जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत. पोलिसांसोबत चालणाऱ्या महिला-बाल विशेष कक्षांवर हे ओझं टाकू नये. ते ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यासाठीच राहू द्यावेत. पैसा वेगळा काढावा. एका जिल्ह्यापासून सुरुवात करावी. तिथं दोन प्रशिक्षित समुपदेशक नेमावेत, त्यांना काही वर्षं टिकेल असा पगार द्यावा, आणि बायकांशी स्वतंत्रपणे बोलणारी एक कार्यकर्ती असावी, जिचा अहवाल आल्याशिवाय कुठल्याही पुरुषाची फाईल बंद होणार नाही.