राग कोणाच्या खात्यावर?

मधुमेही माणसाला समाज सगळं काही करू देतो. फक्त रागावू देत नाही. म्हणजे तो रागावला तर त्याला कोणी अडवत नाही, पण तो राग त्याचा स्वतःचा आहे हे कोणी मान्यच करत नाही. गेली नऊ वर्षं मी इन्सुलिन टोचून घेतो आहे आणि तेव्हापासून माझा एकही राग माझ्या खात्यावर जमा झालेला नाही. राहायला अमरावती, नोकरी अकोल्याच्या एका बँकेत आणि मधे रोजचं अपडाउन. तेव्हा रागावण्याचे प्रसंग काही कमी येत नाहीत. पण डब्यात जागेवरून मी जरा आवाज चढवला, की आमच्याच टोळीतला सोबती भांडायचं सोडून कळवळतो, "काहून बावा, शुगर लो झाली का? घ्या, लिमलेटची गोळी खा." आता तोंडात लिमलेटची गोळी असताना आजवर कोणाला बाणेदारपणे भांडता आलं आहे? मी गोळी चघळतो, आणि तो माझ्या जागेवर ऐसपैस बसतो.

ही मंडळी नेहमीच चुकली असती तर प्रश्न सोपा होता. पंचाईत अशी, की कधीकधी ती बरोबर असतात.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण बसल्या बसल्या शरीराच्या एकूण खर्चातला वीस टक्के वाटा एकटा उचलतो. चालतो मुख्यतः साखरेवर आणि स्वतःजवळ शिल्लक जवळपास काहीच ठेवत नाही. रोजची कॅश रोज मागवणारी ब्रँच म्हणा ना! रक्तातली साखर ७० च्या खाली उतरली की शरीर घंटा वाजवतं: घाम, थरथर, छातीत धडधड, भूक. ही घंटा वाजवणारं ॲड्रिनलिन तेच, जे खऱ्या संतापातही धावून येतं. म्हणजे खरी नोट आणि खोटी नोट एकाच छापखान्यातून निघते. बाहेरच्याने काय, आतल्यानेही ती ओळखायची कशी? साखर ५४ च्या खाली गेली, की खुद्द मेंदूचा कारभार कोलमडू लागतो. आणि ज्यांची साखर वरचेवर पडते, त्यांची ती घंटाही हळूहळू मुकी होत जाते.

यावर मी एक शास्त्रीय उपाय काढला. भांडण रंगात आलं की मी हात वर करून दोन मिनिटं मागून घेतो आणि मीटरवर बोट टोचतो. आकडा ११२ आला की जाहीर करतो, "राग माझाच आहे, आता पुढे चला." पण तोवर प्रतिपक्ष चहाला गेलेला असतो. शिवाय एक बारीक शंका मनाला चाटून जातेच. ११२ वर आलेला राग माझा असेल, पण तो रास्त आहे हे कोणत्या मीटरवर बघायचं? साखर व्यवस्थित असताना जगात अन्याय करणारी माणसं काय थोडी आहेत?

मोठमोठ्या न्यायाधीशांनीही या प्रश्नावर डोकं खाजवलं आहे. १९७३ साली इंग्लंडच्या अपील कोर्टापुढे मनोरुग्णालयातल्या एका परिचारकाचा खटला आला. त्याने एका रुग्णाला मारहाण केली होती. त्याचं म्हणणं, इन्सुलिनने साखर उतरली होती, आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक नाही. कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली. कारण इन्सुलिन बाहेरून आलेलं, तो काही मनाचा रोग नव्हे. मात्र जेवण टाळून साखर उतरवणाऱ्याने ही सबब गृहीत धरू नये, असंही बजावलं. १९८९ साली त्याच कोर्टापुढे दुसरा मधुमेही आला. त्याने इन्सुलिन घेतलंच नव्हतं, साखर चढली होती आणि तशात त्याने मोटार पळवली होती. त्याला सांगण्यात आलं, की रोग तुझा आतला, तेव्हा कायद्याच्या भाषेत हे वेडच! म्हणजे साखर उतरली तर निर्दोष, चढली तर वेडा. साक्षात न्यायदेवतेची ही गत, तिथे आमच्या डब्यातल्या सोबत्याला मी काय दोष द्यावा?

आमच्या घरी हा खटला रात्री अडीचला चालला. ऐन पौषातली थंडी आणि मी घामाने चिंब. सौ.ने उठवलं, बोट टोचलं, आकडा ४३. ती सांगते त्यावरून, मी अंथरुणात बसून आपण ठणठणीत असल्याचं मुद्देसूद भाषण केलं आणि तिला बरंच काही बोललो. तिने एकाही मुद्द्याचं खंडन केलं नाही. तीन चमचे साखर पाण्यात ढवळली, पाठीला हात लावला आणि म्हणाली, "आधी प्या." मग घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसून राहिली. आकडा ७८ झाला तेव्हा मला खोली दिसू लागली.

"मी काय काय बोललो?" सकाळी मी विचारलं.

"ते तुम्ही नव्हता बोलत. मी कुठे लिहून नाही ठेवलं."

११२ वर बोललेलं मात्र तिने लग्नापासून तारीखवार लिहून ठेवलेलं आहे. हिशेब असा चोख पाहिजे!

तेव्हापासून मला आमच्या स्ट्राँगरूमचं तत्त्वज्ञान उमगू लागलं आहे. तिला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे. त्यात मॅनेजर चोर आहे किंवा कॅशियर लबाड आहे असं कोणी म्हणत नाही; एकट्याच्या शब्दावर तिजोरी सोडायची नाही, इतकंच. संगणक आले तरी एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, हे चालूच आहे. मग ज्या मेंदूची साखर संपली आहे, त्याच मेंदूने 'माझं ठीक चाललंय' असा दाखला स्वतःच्या सहीने द्यावा आणि तो आपण पास करावा, हे कोणत्या बँकिंगमध्ये बसतं?

१९२१ साली टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं. त्याआधी त्या वयातल्या मधुमेह्याला 'हा राग माझा की साखरेचा' हा प्रश्न पडण्याइतकं आयुष्यच मिळत नसे. जगलेल्यांना पडणारा प्रश्न आहे हा. त्याचा कंटाळा करून कसं चालेल?

म्हणून माझी दुसरी किल्ली मी वाटून टाकली आहे, एक सौ.कडे, एक डब्यातल्या सोबत्याकडे. करार साधा आहे. त्यांनी साखर पुढे केली की मी आधी खायची, वाद नंतर. साखरच, नाहीतर आपल्या वरुड-मोर्शीच्या संत्र्याचा रस. पेढा नको, खव्यातल्या स्निग्धतेमुळे तो रक्तात उशिरा पोचतो. आणि मी बेशुद्धच पडलो तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

पण कराराला दुसरं कलमही आहे आणि ते मी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. पंधरा मिनिटांनी मीटरने शंभरी दाखवली आणि माझा राग तरीही तसाच असला, तर तो माझ्या नावावर जमा करायचा आणि पूर्ण ऐकून घ्यायचा. त्या वेळी गोळी चालणार नाही.