दगडाची भीती

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरच्या गावांचा दगडावरचा विश्वास उडाला. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन बाहेर ठेवलं आणि घराण्याची ऐपत गावाला दाखवली, त्याच ३ वाजून ५६ मिनिटांनी झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. आदल्या रात्री गणपती विसर्जन. जागून आलेली माणसं नुकती आडवी झाली होती. सरकारी मोजणीने सुमारे आठ हजार जीव गेले, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. भूकंप ६.२च्या आसपासचा. त्या ताकदीचे धक्के जगात दरवर्षी कितीतरी बसतात आणि बहुतेकांची बातमीही होत नाही. मग इथेच एवढी माणसं का मेली? लोकांनी आणि सरकारने बोट दाखवलं ते दगड-मातीकडे. मला ते उत्तर अर्धवट वाटतं. पुढचं बरंचसं पुनर्वसन त्या अर्धवटपणावरच उभं राहिलं.

इथल्या गावांतलं माळवदाचं घर कसं असतं ते पाहा. दोन फूट, कधी त्याहूनही जाड भिंत. पण ती एकसंध नसते. आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मधे माती-खडीचा भराव. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर लाकडी तुळयांवर मातीचं धाबं, आणि गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती. बापाने टाकली, मुलाने टाकली, काढली कुणीच नाही. जमीन हलताच थर एकमेकांपासून सुटले, भिंत फुगून फुटली. मात्र अनेक ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा ढिगाऱ्यात उभाच होता! म्हणजे मारलं ते दगडाने कमी आणि न बांधलेल्या दगडाने जास्त. हा फरक बारीक वाटतो, पण कोट्यवधी रुपये कुठे जाणार हे त्यावर ठरणार होतं.

इशारा मिळालाच नव्हता असंही नाही. ज्या किल्लारीच्या नावाने हा भूकंप ओळखला जातो, तिथे १९९२च्या ऑक्टोबरमध्येच धक्के जाणवले होते. पण देशाच्या तेव्हाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. महाराष्ट्रात भूकंप म्हणजे कोयना, हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. २००२मध्ये नकाशातून ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं.

भूकंपानंतर पाऊस कोसळला आणि मदतही. लष्कर आलं, गावोगावहून ट्रक आले. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली आणि ती वर्षानुवर्षं निभावली. तात्पुरत्या कळवळ्याच्या या देशात हे दुर्मीळच म्हणायला हवं.

घरांची गोष्ट वेगळी झाली. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम आखला गेला आणि ५२ गावं नव्या जागी हलवायची ठरली. जुन्या जागेवर परत जायचं नाही, ही लोकांचीही मागणी होती. स्थलांतर सरकारने लादलं असं म्हणणं अन्याय होईल. पण ज्यांनी काल घरातली माणसं ढिगाऱ्याखालून काढली, त्यांच्या भीतीला कायमस्वरूपी नकाशा समजायचं का? काही महिने थांबता आलं नसतं का? संस्थांनी गावं दत्तक घेतली आणि सरळ रस्त्यांच्या चौकटीत घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. घर किती मोठं हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. पत्र्याखाली असो की स्लॅबखाली, मराठवाड्याचा एप्रिल कसा काढायचा हा प्रश्न त्या नकाशात नव्हता. वाड्याच्या बंद अंगणात वावरणाऱ्या बाईचं दार आता थेट रस्त्यावर उघडत होतं. गुरं, कडबा, बलुतेदारांची कामाची जागा हे सगळं नकाशा काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फारसं आलंच नाही.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग फारसा कुणी पाहिला नाही, कारण त्याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नव्हती. कमी नुकसान झालेल्या लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुती करायची होती. धाब्यावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार जोड घालायचे, कोपरे बांधायचे. पैसे घरमालकाच्या हातात. अडचण अशी की लोकांना दगडाखाली झोपायचंच नव्हतं; मजबूत केलेली भिंतही त्यांना भिंतच वाटे. इथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हजाराच्या वर गावांत बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. भिंतीत जोड का घालायचा हे त्या शिकल्या, गवंड्याशी हुज्जत घालू लागल्या, हप्ता कुठे अडला ते विचारायला कचेरीत जाऊ लागल्या. भूकंपाने उघडं पाडलेलं खरं कारण गावात समजावून सांगणारं कुणी असेल, तर त्या होत्या. माझ्या मते या कार्यक्रमातलं सर्वात टिकाऊ बांधकाम हेच.

२६ जानेवारी २००१ला कच्छ हादरलं. केंद्रबिंदूपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती पत्त्यांसारख्या बसल्या. दगड सोडून काँक्रीट धरलं की सुटलो, हा किल्लारीतून निघालेला समज तिथेच मोडायला हवा होता. कच्छच्या बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारलं. सरकारनेही मुख्यतः मालकाला पैसे देऊन, इंजिनिअरने काम तपासल्यावर पुढचा हप्ता सोडायची पद्धत धरली. त्या गावांतल्या बायकांना अनुभव सांगायला लातूर-उस्मानाबादच्या शेतकरी बायका गेल्या. भाषा वेगळी होती, गवंडी वेगळे होते. कचेरीतले प्रश्न मात्र त्यांना पाठ होते.