भय आणि मौन

आमच्या देवस्थानच्या वाचनालयात परवा एक लहानसा वाद झाला. एका पालकांनी मुलांच्या कपाटातील एक इंग्रजी कादंबरी मंडळापुढे ठेवली आणि विचारले, "दहा वर्षांच्या मुलाने मढी उठविण्याच्या गोष्टी का वाचाव्या?" प्रश्न रास्त होता. वकिली सवयीप्रमाणे आम्ही निर्णय पुढच्या सभेवर ढकलला व पुस्तक घरी आणून एका रात्रीत वाचून काढले.

जॉन बेलेर्स या अमेरिकन लेखकाची 'द हाउस विथ अ क्लॉक इन इट्स वॉल्स' ही कादंबरी १९७३ साली प्रसिद्ध झाली. कथा १९४८ सालची आहे. मोटार-अपघातात आईबाप गमावलेला दहा वर्षांचा ल्युइस मिशिगनमधील एका गावी आपल्या जादूगार काकांकडे राहावयास येतो. त्या घराच्या भिंतींत कोठेतरी एक घड्याळ टिकटिकत असते; जगाचा अंत घडावा म्हणून पूर्वीच्या मालकाने ते लपवून ठेवलेले असते. एकलकोंड्या ल्युइसला एकच मित्र मिळतो, आणि तोही दुरावू लागतो. त्याला धरून ठेवण्यासाठी ल्युइस मेलेले माणूस उठविण्याची बढाई मारतो आणि हॅलोविनच्या मध्यरात्री दफनभूमीत ती खरी करून दाखवितो. उठते ती त्याच मालकाची दुष्ट पत्नी.

येथवर ही भूतकथा आहे. आमच्या मते खरी कथा यापुढे सुरू होते. ल्युइस काकांना काहीच सांगत नाही. काका प्रेमळ आहेत. तरी आपणांस घरातून घालवून देतील, या धास्तीने तो गप्प बसतो. भुताचे बळ वाढते ते या मौनावर.

हा विचार आपणांस परका नाही. गोव्यात आमोणे व लोलये येथे वेताळ देव म्हणून पूजिला जातो. कथेतील वेताळ विक्रम राजाच्या खांद्यावर बसून काय करतो? गोष्ट सांगून न्यायाचा प्रश्न विचारतो. आणि उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, अशी अट घालतो. अज्ञानाला तेथे शिक्षा नाही. शिक्षा आहे ती जाणून-बुजून धरलेल्या मौनाला.

मग मुलांना भय दाखवावे की नाही? आम्हांस वाटते, भय दोन जातींचे असते. "गप्प बस, नाहीतर बागुलबुवा येईल," हे भय मुलाचे तोंड बंद करते. दुसरे भय त्याच्या मनाला टोचून त्याला बोलावयास लावते. पहिले आपण घरोघरी फुकट वाटतो आणि दुसरे पुस्तकात दिसताच मंडळाकडे धाव घेतो! १९६९ चा शपथ अधिनियम याहून उदार आहे. बारा वर्षांखालील मुलाला शपथेचे स्वरूप कळले नाही, तरी सत्य बोलण्याचे कर्तव्य कळत असल्यास शपथेवाचून त्याची साक्ष घेता येते. कायद्याने मुलावर विश्वास टाकला. आपण मात्र खरे बोलणे त्याला कितपत सोपे ठेवितो?

हे आम्ही केवळ तर्काने लिहीत नाही. नऊ वर्षांचे असताना आम्ही देवापुढील तबकातून आठ आण्यांचे नाणे उचलले. मार खाल्ला तो पुजाऱ्यांच्या मुलाने. त्यानंतर कित्येक महिने देवळामागील पिंपळाखालून जाताना आमचे पाय लटपटत. पिंपळावर कोणी नव्हते, हे आज कळते. घरी मात्र आम्ही बोललो नाही, कारण बोलल्यावर काय होईल, हे आम्हांस पुरते ठाऊक होते.

पुस्तक कपाटात राहावे, असे मत आम्ही मंडळापुढे मांडणार आहोत. मात्र ते मुलाच्या हाती देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मध्यरात्रीही त्याचे सारे ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. आणि या अंकाची एक प्रत पुजाऱ्यांच्या त्या मुलाला, आता आमच्याच वयाच्या त्या गृहस्थांना, आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत.