मुलकी पड

महसूल खात्याच्या भाषेत कुणाच्याही नावावर नसलेल्या सरकारी जमिनीला ‘मुलकी पड’ म्हणतात. यातला ‘पड’ मला खटकतो. गुरं चरतात, सरपण निघतं, पावसाळ्यात टाकळ्या-कुर्डूची भाजी मिळते, ती जमीन पडीक कशी? तर सारा देत नाही म्हणून.

१८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी घातली. शेताला नंबर, नंबराला साऱ्याचा आकार, आकार भरायला एक माणूस. ज्याला असा माणूस नव्हता ते उरलं. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने त्या उरलेल्याला धनी दिला: जे दुसऱ्या कुणाचं नाही ते सरकारचं. आणि ‘नाही’ हे ठरवायचं कलेक्टरने! स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हीच कल्पना कलम २० होऊन बसली. त्याच संहितेचं कलम २२ मात्र मला आवडतं. गुरचरण, स्मशान, खळी, बाजार, ढोरं सोलायची जागा, अशी राखून ठेवायच्या जमिनींची यादी त्यात आहे. कायद्यात इतकं जितंजागतं गाव क्वचित भेटतं.

राखणदार सरकारचं असं मालक होणं नेमकं हेरलं ते जोतीराव फुल्यांनी. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव होऊ लागली होती. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की रानातली फळं-पानं विकून आणि गायरानावर चार जनावरं पाळून तगणारा लहान शेतकरी जंगलखात्याने गायरानं गिळल्यावर उघडा पडला.

पण गायरान म्हणजे ‘सगळ्या गावाचं’ हेही अर्धंच खरं. ज्याच्या दावणीला जनावरच नाही त्याला गायरानाचं काय? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, ते पडीक सरकारी जमीन कसायला मागण्यासाठी. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारने ठरवलं. जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं, तेव्हाही भूमिहीनांसाठी अपवादाची फट ठेवली. ती फट ओळखायला लागतो कागद, आणि कसणाऱ्याकडे नेमका तोच नसतो.

वेगळी वाट गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने धरली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तिथे बांबूचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवते.

इतरत्र नजर पुन्हा ‘रिकाम्या’ जमिनीकडे वळली आहे. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानांवरही सौर प्रकल्प येत आहेत. हेतू चांगला आहे: शेतीपंपांना दिवसा वीज. फक्त त्या गायरानात चार शेळ्या चारणाऱ्या बाईकडे शेत नाही, त्यामुळे पंपही नाही.