धुराचा धनी कोण?

एका मनुष्यानें दुसऱ्याच्या शेतांत गुरें घातलीं, तर अपराध कोणाचा हें ठरविण्यास पंचांस फार वेळ लागत नाहीं. गुरें ओळखतां येतात, धनी सांपडतो, व नुकसानभरपाई मागतां येते. परंतु जो अपाय वाऱ्याबरोबर येतो, ज्यास शेंकडों चुलींचा थोडथोडा हातभार लागलेला असतो, आणि जो सोसणारें झाड तक्रारहि करूं शकत नाहीं, त्याचें काय? ज्या दोषाचा एकच धनी दाखवितां येत नाहीं, तो दोषच नव्हे काय? ह्या प्रश्नाचा विचार इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याच्या उदाहरणावरून करावा, असें आम्हांस वाटतें.

एकोणिसाव्या शतकांत त्या परगण्यांतील सेंट हेलन्स व विड्नेस ह्या गांवीं धुण्याचा सोडा करण्याचे मोठे कारखाने होते. साबण, कांच व कापड ह्या तिन्ही धंद्यांस सोडा लागे. मीठ व गंधकाचें आम्ल एकत्र तापविलें म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची झोंबणारी वाफ निघे, व ती तशीच हवेंत सोडून देत. ती जेथें उतरे तेथें पानें करपत, कुंपणें वाळत, व झाडें उभ्याउभ्या मरत. शेजाऱ्यांनीं ओरड केली तेव्हां कांहीं कारखानदारांनीं अधिक उंच धुरांडीं बांधिलीं. त्यानें जवळच्या शेतावरचा अपाय दूरच्या शेतावर गेला, इतकेंच. वस्तुतः उपाय माहीत होता. विल्यम गॉसेज नामक गृहस्थानें १८३६ सालीं एक मनोरा योजिला होता. त्यांत वरून पाणी झिरपे व तें वाफेंतील आम्ल शोषून घेई. तरी पुष्कळांनीं हा खर्च टाळिला, आणि ज्यांनीं केला त्यांपैकीं कित्येकांनीं तें आम्लाचें पाणी ओढ्यांत सोडिलें. शेवटीं १८६३ सालीं पार्लमेंटानें कायदा केला कीं, ह्या आम्लाचे शेंकडा ९५ भाग अडविलेच पाहिजेत. पुढें त्याच आम्लापासून कापड पांढरें करण्याची पावडर मोठ्या प्रमाणावर होऊं लागली, व फेंकून दिलेल्या वस्तूस मोल आलें.

येथें दोषाचा धनी उघड दिसत होता. दगडी कोळशाच्या धुराचें तसें नव्हतें. कोळशांत गंधक असतो. तो जळून झालेला वायु पानांच्या सूक्ष्म रंध्रांवाटे आंत शिरतो व पान आंतून मारितो. काजळी पानावर बसून सूर्यप्रकाश अडविते, आणि आम्लयुक्त पाऊस जमिनीचा कस धुऊन नेतो. मँचेस्टरच्या पावसांत असें आम्ल असतें, हें रॉबर्ट अँगस स्मिथ ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८५२ सालींच दाखविलें होतें. आपण मसाल्यांत जें दगडफूल घालितों, त्याच्या वर्गांतील जीवांस मुळें नसतात. ते पाऊस व हवा ह्यांतूनच सर्वांगानें पाणी शोषितात, म्हणून विष प्रथम त्यांसच बाधतें. मँचेस्टरभोंवतीं ते कमी होत चालले आहेत, व धूर हें त्याचें एक कारण आहे, असें ग्रिंडन नामक वनस्पतिशास्त्रज्ञानें १८५९ सालीं लिहून ठेविलें. परंतु घरोघरचा मनुष्य म्हणे, "माझ्या एका शेगडीनें काय होणार?" झाडांची साक्ष कोणी मानिली नाहीं. १९५२ च्या डिसेंबरांत लंडन शहरावर धुराचें दाट धुकें पांच दिवस राहिलें व हजारों माणसें मेलीं, तेव्हां कोठें १९५६ सालीं घरगुती धुरावर निर्बंध घालणारा कायदा झाला.

कोणी म्हणेल, "गरिबानें थंडीनें मरावें काय? झाडांसाठीं मजुराची भाकर काढून घ्यावी काय?" हा आक्षेप हलका नाहीं. पण १८६३ च्या कायद्यानें कारखाने बंद केले नाहींत. त्यानें मनोरा बांधण्यास सांगितलें. तंटा भाकर व पान ह्यांमध्यें नव्हताच. स्वच्छतेचा खर्च नफा घेणाऱ्यानें सोसावा, कीं शेजाऱ्याच्या कुंपणानें, एवढाच तो होता. आणि १९५६ च्या कायद्यानेंहि चुली विझविल्या नाहींत. कमी धूर करणारें सरपण वापरावयास लाविलें, व शेगड्या बदलण्याच्या खर्चाचा बराच भाग सार्वजनिक पैशांतून दिला.

ह्यांत आपलाहि वांटा आहे. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या युद्धांत तिकडील कापूस अडला, तेव्हां वऱ्हाड-खानदेशचा कापूस अधिक प्रमाणांत लँकेशायरास गेला, आणि तेथील गिरण्यांचें कापड आपल्या बाजारांत आलें. स्वस्त कापड घेणाऱ्यानें करपलेलें कुंपण पाहिलें नव्हतें. न पाहिलेल्या अपायाबद्दल कोणास शिक्षा करणें न्याय्य होणार नाहीं. पण कळल्यावर डोळे मिटणें हें मात्र निराळें.

आमचें मत असें कीं, दोष वांटला गेल्यानें नाहींसा होत नाहीं. प्रत्येकाच्या वांट्यास आला तेवढा त्याचाच राहतो. इंग्लंडांत गंधकाचा धूर कमी झाल्यावर लंडनसारख्या शहरांतील झाडांवर तीं दगडफुलें पुन्हां दिसूं लागलीं आहेत. अनेकांनीं मिळून केलेला बिघाड अनेकांनीं मिळून दुरुस्त करितां येतो, ह्याचें हें प्रमाण होय. प्रिय वाचकहो, गांवच्या वेशीवर प्लास्टिकचा कचरा पेटवितांना, किंवा वीटभट्टी कोठें लावावी हें ठरवितांना, धूर कोणाच्या शेताकडे जाईल हें अगोदर पाहावें. त्या शेतांतील पीक आपणांस कांहीं बोलणार नाहीं. म्हणूनच त्याचा विचार आपण करावयाचा आहे.